तळजाईची उंदीरमारी

सदाशिव पेठेत दूधवाले आणि पेपर टाकणारी मुलं येऊन गेली की टेकडीवर जाणाऱ्यांची वेळ होते. साडेपाचच्या सुमाराला इमारतींच्या जिन्यांवर पावलं वाजू लागतात. कानटोपी, मफलर, कॅनव्हासचे बूट, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात पाण्याच्या बाटल्या. कोपऱ्यावर दोघं-तिघं भेटले की एकच प्रश्न: आज पर्वती की तळजाई? खजिना विहिरीजवळ राहणारी माझी मावशी याच मंडळींपैकी एक. गुडघे कुरकुरू लागले तरी तिनं टेकडी सोडली नाही.

माघात तिनं मला फोनवर एक फोटो पाठवला. उतारभर निष्पर्ण झाडं आणि प्रत्येक काटकीला फिक्या गुलाबी फुलांचे घोस. खाली लिहिलं होतं, ‘तळजाईवर बहर आलाय. चेरीची झाडं अशीच दिसतात म्हणे. बघायला ये.’ मी फोटो मोठा करून पाहिला आणि झाड लगेच ओळखलं. ती आमची उंदीरमारी होती.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडे हे झाड कुणी बघायला जात नाही. ते बांधावर असतं, कुंपणाला असतं. हाताच्या मनगटाएवढी फांदी तोडायची, तिरका छेद देऊन जमिनीत ठोकायची, पहिल्या पावसात ती फुटते. आषाढात भाताच्या खाचरात चिखलणी चालू असते तेव्हा तिचा पाला ओरबाडून चिखलात तुडवतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं तिला गिरिपुष्प म्हणतात, कागदोपत्री ती ग्लिरिसिडिया असते. पण एवढ्या संख्येनं, एका डोंगराचा ताबा घेऊन उभी असलेली उंदीरमारी मी कधी पाहिली नव्हती. कोकणात जी कुंपणावर उभी राहते तिचं घाटावर रान कसं झालं, ते पाहावं म्हणून मी पुण्याची गाडी पकडली.

सकाळी मावशीबरोबर निघाले. अंधार पुरता गेला नव्हता. टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालयाच्या कुंपणाआडून झाडांचे काळे आकार रस्त्यावर झुकलेले होते. पेठेतल्या गल्ल्यांमध्ये झाडाला जागा फारशी उरलेली नाही. एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात आंबा किंवा औदुंबर टिकून असतो, पारावरचे पिंपळ आहेत, बाकी गॅलरीतल्या कुंड्या. इथल्या माणसाला झाडाखाली चालायचं तर दक्षिणेला जावं लागतं. आम्ही पुरम चौकातून सारसबागेच्या अंगाने गेलो, खडकवासल्याहून येणारा कालवा ओलांडला आणि पर्वतीच्या पायथ्याशी आलो. मावशीचा आग्रह होता की तळजाईला जाण्याआधी पर्वती चढायची. “आधी वरून सगळं बघून घे, म्हणजे तुला फरक कळेल,” ती म्हणाली.

पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, हत्ती चढावेत अशा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये इथे देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. याच टेकडीवर १७६१ साली, पानिपतची बातमी आल्यावर काही महिन्यांत, त्यांनी प्राण सोडला. ज्या चुलतभावाच्या मृत्यूचा धक्का त्यांना सोसवला नाही, त्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं पुढे थोरल्या माधवरावांच्या काळात खाली पेठ वसली. पर्वतीच्या तटावर उभं राहून पेठेच्या गच्च्यांकडे पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरी आठवण १८१७ सालची. खडकीची लढाई चालू होती तेव्हा दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता असं सांगतात. खडकी इथून बरीच लांब, पार शहरापलीकडे. म्हणजे मधे नजर अडवणारं काहीच नव्हतं, ना इमारती ना रान. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांमध्ये आणि फोटोंमध्ये पर्वती दिसते तीही अशीच: उघडा काळा खडक, वर मंदिरांची शिखरं, उतारावर गवत आणि तुरळक झुडपं. पुण्याच्या टेकड्या पूर्वी घनदाट जंगलांनी भरलेल्या होत्या आणि आपण त्या उजाड केल्या, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा भाग. पश्चिमेला ताम्हिणीत पाऊस कोसळतो, इथे पोचेपर्यंत त्याचा जोर सरलेला असतो. खडकावर मातीचा थर पातळ. अशा जागी निसर्ग गवत वाढवतो. कुसळी, मारवेल, आणि त्यातून मधे मधे डोकं काढणारी खैर, हिवर, पळस, साळई, मेडशिंगी, आपटा, बोर, करवंद. अशा माळावर चंडोल असतात, तित्तर असतात, सरडे, घोरपडी असतात. झाडं दाट नाहीत म्हणून त्याला ओसाड म्हणायचं हे पावसाळी प्रदेशातून आलेल्या डोळ्यांचं म्हणणं आहे. माझे डोळे तसलेच, त्यामुळे मला ते पुन्हापुन्हा स्वतःला बजावावं लागलं.

पर्वती उतरून सहकारनगरच्या बाजूने आम्ही तळजाईच्या वाटेला लागलो. चढ फार नाही. घरं संपली, वनखात्याची तारेची जाळी आली, मातीची वाट सुरू झाली आणि एका वळणानंतर दोन्ही बाजूंना उंदीरमारीच उंदीरमारी.

खरं सांगते, दृश्य सुंदर होतं. करड्या सालीच्या, पांढुरक्या ठिपक्यांच्या फांद्या जमिनीपासूनच फाकलेल्या, त्यांच्यावर एक पान नाही, आणि जुन्या लाकडाला लगडून फुलं. लांबून गुलाबी, हातात घेतलं की पांढऱ्यावर जांभळट झाक, मधोमध पिवळसर ठिपका. फुलाची ठेवण वाटाण्याच्या फुलासारखी, म्हणजे कुळ कुठलं ते विचारायला नको. ऊन वर आलं तसे काळे भुंगे घुमू लागले. एक जांभळा शिंजीर फुलाफुलावर उलटा लटकत होता. वाटेवर पाकळ्यांचा सडा. फिरायला आलेली मुलंमुली फांद्या वाकवून फोटो काढत होती. मावशीनं माझ्याकडे ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ अशा चेहऱ्याने पाहिलं.

मग मी वाट सोडून थोडी आत शिरले. आत दुसरंच होतं. झाडं एका वयाची, एका उंचीची, ठरावीक अंतरावर. आडवे चर खणलेले दिसत होते आणि त्या चरांच्या कडेनं रांगा. खाली सुकलेला पाला, त्यात गवताची एखादी काडी, घाणेरीचं एखादं झुडूप. पक्ष्यांचे आवाज होते ते वाटेच्या कडेला, आत शांत. घरटी शोधली, एखाददुसरंच दिसलं. पुण्यातले निसर्ग अभ्यासक कित्येक वर्षं हीच तक्रार करत आले आहेत की ग्लिरिसिडियाच्या लागवडीत फुलं फुलतात पण रान नांदत नाही. पाला खाणारी अळी नाही तर अळी खाणारा पक्षी कशाला येईल, आणि पिल्लांना काय भरवील?

हे झाड इथलं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे त्याचं माहेर. ग्लिरिसिडिया हे शेंगांच्या कुळातलं मोजक्याच जातींचं लहानसं घराणं, आणि त्यातली सेपियम ही एक जात जगभर फिरली. स्पॅनिश लोकांनी सतराव्या शतकात तिला फिलिपिन्समध्ये नेलं. श्रीलंकेत ती चहाच्या मळ्यांत सावलीला लावली गेली, पुढे भारतात आली. तिकडच्या मूळ मुलखात तिचं काम कोकोच्या बागेत असतं. कोकोचं रोप कोवळं असताना त्याला ऊन सोसत नाही. म्हणून आधी ग्लिरिसिडिया लावायची, ती झपाट्यानं वाढते, तिच्या विरळ सावलीत कोकोची रोपं धरतात, तिचा गळलेला पाला त्यांना खत होतो. कोको मोठा होत जातो तसतशा तिच्या फांद्या छाटत जायचं. मला हा सगळ्यात महत्त्वाचा तपशील वाटतो, कारण पुण्यात या झाडाचा अर्धाच उपयोग केला गेला.

तो अर्धा उपयोग का केला, हे समजून घेतल्याशिवाय वनखात्याला नावं ठेवणं बरं नाही. १९७२ च्या दुष्काळानं महाराष्ट्राला पाणी आणि माती या दोन गोष्टींची धास्ती बसवली. डोंगरावर समतल चर खणायचे, माती अडवायची, झाडं लावायची, हे तेव्हापासून सरकारी कामाचं रूप झालं. पण टेकडीवर लावलेलं रोप जगायचं कसं? उन्हाळ्यात पाणी नाही, कुंपण टिकत नाही, शेळ्या-मेंढ्या आणि मोकाट गुरं रोज येणार. अंजनाचं रोप लावा, गुरं कोवळा शेंडा खाऊन जातात. खैर, आपटा, धावडा यांची तीच गत. त्या काळात आधी नाव झालं सुबाभळीचं. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’नं चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी सुबाभळीचा मोठा प्रसार केला. पण १९८० च्या दशकात सुबाभळीचा पाला शोषणारी एक बारीक कीड आशियाभर पसरली आणि शास्त्रज्ञांचं लक्ष दुसऱ्या झटपट वाढणाऱ्या शेंगावर्गीय झाडांकडे वळलं. ग्लिरिसिडिया तयारच होती. फांदी खोचली तरी येते, बी टाकलं तरी येते, तोडली तर दुप्पट फुटते, हलक्या मुरमाड जमिनीची तक्रार नाही. आणि आपल्याकडची गुरं तिच्या पाल्याच्या वासाला नाक मुरडतात. टेकड्यांसाठी हा गुण निर्णायक ठरला.

वासाचं कारण कुमारिन नावाचं द्रव्य. पाला चुरडला की ताज्या कापलेल्या गवतासारखा गोडसर वास येतो, तो त्याचा. या द्रव्याची गंमत अशी की ते स्वतः तसं निरुपद्रवी, पण पाला ओला राहून आंबला, त्यात बुरशी किंवा जिवाणू वाढले, तर त्याचं डायकुमरोल होतं, आणि ते पोटात गेलं की रक्त गोठत नाही. मध्य अमेरिकेतले शेतकरी साल आणि पाला शिजवलेल्या मक्यात कालवून उंदरांना घालत आले ते यामुळेच. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरसटलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यामागचं डायकुमरोल वेगळं काढलं, आणि त्याच धाग्यावरून वॉर्फरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, पुढे काही वर्षांत माणसांचं औषध झालं. मावशीला हे सांगत होते तेव्हा तिच्याबरोबर रोज चालणारे एक काका थांबून ऐकू लागले. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि ते वर्षानुवर्षं ‘रक्त पातळ ठेवायची’ तीच गोळी घेतात. ती गोळी या झाडापासून बनत नाही, हे मी त्यांना स्पष्ट केलं. तरी त्यांनी एक डहाळी हातात घेतली, चुरडली, हुंगली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली.

तळजाईवर ग्लिरिसिडियाने काय दिलं ते मोजायचं झालं तर मातीपासून सुरुवात करावी लागेल. तिच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. शेंगांच्या कुळातल्या सगळ्याच झाडांना हे जमतं असं नाही. बहावा आणि आपटा याच कुळातले, पण त्यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. ग्लिरिसिडियाचा पाला नत्रानं भरलेला असतो आणि लवकर कुजतो, म्हणूनच आमच्या खाचरात त्याला मान आहे आणि कोरडवाहू शेतीच्या शिफारशींत हे झाड बांधावर लावायला सांगतात. चरांत अडलेली माती, त्यात कुजलेला पाला, असं होत होत टेकडीच्या पातळ थरावर थोडी भर पडली. चराच्या कडेला मी बोटानं माती उकरून पाहिली, ती वरवर तरी काळसर आणि भुसभुशीत होती. कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी आणून ज्या शहराचे हौद भरले, त्या शहराला दक्षिणेकडच्या डोंगरांनी पाणी धरून ठेवणं किती मोलाचं आहे हे कुणी सांगायला नको. सदाशिव पेठेत आजही पत्ता सांगताना ‘हौदाजवळ’ म्हणतात.

म्हणून हे झाड खलनायक आहे असं म्हणणाऱ्यांच्या मी बाजूची नाही. फेसबुकवर दरवर्षी फुलोऱ्याच्या दिवसांत दोन तट पडतात. एक तट फोटो टाकतो, दुसरा त्याखाली ‘परदेशी झाड, समूळ काढून टाका’ असं लिहितो. समूळ काढणं हा धोक्याचा उपाय आहे. उतारावर एकदम ऊन पडलं, पहिल्या वळवात माती वाहून गेली, की जागा भरून काढायला घाणेरी आणि रानमोडी टपलेली आहेतच. उलट, आहे तसंच ठेवणं म्हणजे चार दशकांपूर्वीच्या निकडीला आजही कायमचं धोरण मानणं. गुरं आता पूर्वीसारखी येत नाहीत. पुण्याच्या आजूबाजूची गावं शहरात गेली, गोठे गेले. ज्या एका कारणासाठी देशी रोपं जगत नव्हती, ते कारण या टेकडीवर जवळजवळ संपलंय. मग आता देशी रोपांची पाळी यायला हवी.

ग्लिरिसिडिया ही दाई आहे. दाईनं बाळ सांभाळायचं असतं, घर नावावर करून घ्यायचं नसतं. तळजाईवर दाई आली, पण बाळ कुणी तिच्या मांडीवर दिलं नाही. कोकोच्या बागेत जे होतं ते इथे व्हायला हवं होतं: तिच्या सावलीत अंजन, मेडशिंगी, साळई, पळस, पांगारा यांची रोपं धरायची, ती कमरेएवढी झाली की वरची फांदी छाटायची, डोक्याएवढी झाली की दाईचं झाड काढायचं. पठाराच्या काही भागांत तर कुठलंच झाड न लावता नुसतं गवत परत येऊ द्यायचं, चंडोलांसाठी. ज्यांना गर्द सावली हवी त्यांना हे पटत नाही, पण या टेकडीचं खरं रूप ते आहे आणि मी त्याच्या बाजूनं बोलत राहीन.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तळजाईच्या देवळात घंटा वाजत होती. मोर ओरडला, मग दुसरा. पलीकडे सिंहगड धुरकट दिसत होता. उघड्यावर, ग्लिरिसिडियाची रांग संपते तिथे एक पळस एकटाच पेटलेला होता आणि त्याच्यावर साळुंक्या, कोतवाल, बुलबुल यांची एवढी गर्दी की फांदी हलायची थांबत नव्हती. एकाच कुळातली दोन झाडं, हाकेच्या अंतरावर, एकाच महिन्यात फुललेली. गुलाबी रांगांकडे भुंगे होते. पळसाकडे सगळा गाव होता. मावशी काही बोलली नाही, पण यावेळी तिनं फोटो पळसाचा काढला.

परतताना गोळीवाले काका वाट सोडून आत वळले. आम्हीही मागे गेलो. दोन ग्लिरिसिडियांच्या मधे दगडांचं छोटं आळं होतं आणि त्यात गुडघ्याएवढं एक रोप. पानं जोडीजोडीची, देठाशी चिकटलेली, कोवळी असल्यानं तांबूस. अंजन. काकांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि पाणी मुळाशी सावकाश ओतलं. पेठेतून रोज भरून आणतात.

“गुरांनी नाही खाल्लं?” मी विचारलं.

“गुरं कुठली आता ताई. ऊन मारतं. पहिली दोन रोपं मी त्या मोकळ्या जागेत लावली होती, उन्हाळ्यात गेली. मग हे इथे आणलं, हिच्या आडोशाला,” त्यांनी उंदीरमारीच्या खोडावर हात ठेवला. “माळी म्हणाला, वरची ही फांदी काढा, ऊन येऊ द्या. मी म्हटलं, इतक्यात नको.”

“मग कधी?”

त्यांनी वर पाहिलं. फांदीला टोकापर्यंत फुलं होती. “अजून दोन पावसाळे जाऊ देत. अंजनाचं मूळ आधी खाली जातं, मग शेंडा वर येतो. शेंडा या गाठीपर्यंत आला की ही फांदी काढायची. आणि ताई, तुमच्याकडे कोकणात छाटणी कधी करतात? पावसाच्या आधी की नंतर?”

आमच्याकडे चिखलणीच्या तोंडावर करतात, म्हणजे पाला ऐन भरात असताना, असं मी सांगितलं. पण इथे उद्देश वेगळा आहे, म्हणून पावसाळा सरल्यावर, कार्तिकात छाटली तर ती पुन्हा जोरानं फुटणार नाही आणि रोपाला थंडीतलं कोवळं ऊन मिळेल. काकांनी बाटल्यांची झाकणं लावली, खिशातून छोटी वही काढली आणि ‘कार्तिक’ असं लिहून घेतलं.